शटर पाडून केलेलं स्टार्टिंग

तुमच्या घरातला एखादा माणूस जेवता जेवता सहज म्हणाला, की मेलेला भाऊ मला हाक मारतो, तर तुम्ही आधी कुणाला बोलवाल? घाईनं उत्तर देऊ नका. माझ्या मामानं हे वाक्य भाकरी मोडताना उच्चारलं तेव्हा मामी, आई, बाबा आणि मी त्याच पंक्तीत होतो. मामीच्या मनात देवऋषी आला. आईला तिचा गेलेला भाऊ आठवला. बाबांच्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार होऊ लागला. मामा मात्र त्या दिवसांत आमच्या डोळ्यांसमोर थोडा थोडा संपत होता, आणि तो राहतो की जातो एवढाच खरा प्रश्न होता.

मामाची शेड मंगळवार पेठ ओलांडून उद्यमनगराकडं जाताना लागते. पुढं शेड, मागं घर, आणि दोहोंमधल्या भिंतीत वर हवेसाठी एक जाळी. शेड दोघा मामांची. सायलेन्सरची कामं करायचे. ट्रक, ट्रॅक्टर, शर्यतीच्या मोटारसायकली. गाडीला आवाज लावून घ्यायचा तर तिथं जायचं, असं लोक म्हणत.

पाइप वाकवणं हे त्यांचं खरं काम. पाइप वाकवायचा तर आधी त्यात वाळू भरतात. वाळू कढईत भाजून कोरडी करायची, पाइपात ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, आणि जिथं वाक हवा तिथं गॅसची ज्योत धरायची. आत वाळू असली की पाइप वाकतो, पण चेपत नाही. ज्योत धरायचा थोरला मामा. दुसऱ्या टोकाला दांडा ओढायचा धाकटा. लवकर ओढलं तर पाइपाच्या पोटाला सुरकुती पडते, उशिरा ओढलं तर पाठ फाटते. म्हणून ओढणाऱ्यानं आपलं डोकं चालवायचं नाही, ज्योत धरणाऱ्याचं ऐकायचं. थोरला मामा लाल होत जाणाऱ्या लोखंडावरून नजर न हलवता म्हणत राहायचा, “दम धर. दम धर. दम धर.” आणि मग एकदम, “आता वड.” त्या ‘वड’शिवाय धाकट्यानं कधी हात हलवला नाही. लग्नाच्या बोहल्यावरही त्यानं हार घालायच्या आधी भावाकडं बघितलं होतं, असं मामी सांगते.

थोरला मामा छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर शेडमध्ये वाकवायची कामं बंदच झाली. धाकटा मामा जुने सायलेन्सर जोडून द्यायचा, पत्रे ठोकायचा आणि कमी बोलायचा. इथून पुढं मी नुसतं मामा म्हणते तो हा धाकटा.

पुढच्या पावसाळ्यात ती गाडी आली. जिल्ह्यातल्या एका मोठ्या घरातल्या तरुणानं ती परदेशातून आणवली होती. ताडपत्रीत गुंडाळून ट्रकवरून उतरवली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. ओल्या वांग्यासारखा रंग, दोनच सीटा, आणि इतकी बुटकी, की मामी म्हणाली, हिच्यात बसायला आदी निजावं लागतंय. मालक स्वतः आला नाही. त्याचा माणूस आला आणि एक लांबट खोकं मामाच्या पुढ्यात ठेवून त्यानं काम सांगितलं.

खोक्यात हेडर होता. इंजिनातला जळका धूर ज्यातून बाहेर पडतो तो पहिला भाग म्हणजे मॅनिफोल. गाडीबरोबर येतो तो बिडाचा, जाडजूड. तो काढून त्याच्या जागी स्टेनलेसच्या लांब पातळ नळ्यांचा हेडर बसवला की धुराची वाट मोकळी होते, ताकद वाढते आणि आवाज पार बदलतो. या गाडीला सहा सिलिंडर, म्हणून सहा नळ्या, पुढं जाऊन एकात मिळालेल्या. मामीनं त्याकडं बघून म्हटलं, सहा जावांचं एकत्र कुटुंब दिसतंय, टिकायचं न्हाय. हेडर बाकावर ठेवला तेव्हा त्याची सहा तोंडं दाराकडं होती. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं कुणीतरी आ वासून बघतंय असं वाटायचं. मामीनं त्यावर पोतं टाकलं.

बसवायला घेतला तर हेडर बसेना. तो डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी केलेला होता. या गाडीचं स्टिअरिंग आपल्याकडच्यासारखं उजवीकडं, आणि त्याचा दांडा बरोबर दोन नळ्यांच्या वाटेत येत होता. पावणं, हे परत धाडा, असं मामानं मालकाच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, परत-बिरत काही नाही, मालकांना गगनबावड्याच्या घाटात आवाज घुमायला हवाय, काय कापायचं ते कापा.

तेव्हा मामानं त्या दोन नळ्या कापल्या, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा वाळू भाजायला घेतली.

मी कॉलेजातून परस्पर शेडवर जायची, म्हणून ते मी पाहिलं. दांड्याला साखळी लावून मामानं ती स्वतःच्या कमरेला बांधली होती. हातात ज्योत, कमरेनं ओढायचं, म्हणजे दोघांचं काम एकट्यानं. पाइप तांबूस होऊ लागला आणि मामा बोलू लागला. “दम धर. दम धर.” मामाचा आवाज बारीक आहे. तो आवाज बारीक नव्हता. थोरल्या मामासारखा खालून, छातीतून येत होता. मग तो थांबला, आणि त्याच आवाजात म्हणाला, “आता वड.” आणि स्वतःच मागं रेलला. वाक असा सुरेख आला, की नळी जन्मतः तशीच असावी. मामानं माझ्याकडं बघितलं, पण ओळखायला त्याला एक क्षण लागला. माझ्या अंगावर काटा आला होता. मी तो शेडमधल्या गारठ्याच्या नावावर घातला.

आता इथं एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशी अडलं. त्या गल्लीत नव्या कामाचं पहिलं स्टार्टिंग शटर पाडून करत. आवाज नीट बसेपर्यंत परक्याच्या कानावर पडू द्यायचा नाही. पोराला दृष्ट लागते तशी आवाजालाही लागते. शटर खाली ओढायचं, इंजिनापुढं नारळ फोडायचा, लिंबू ठेवायचं आणि चावी फिरवायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं नव्हतं याचं कारण साधं होतं. ट्रक शेडमध्ये पुरता मावतच नसे. त्याचं ढुंगण रस्त्यावर राही आणि शटर अर्ध्यावर अडे. मोटारसायकलचं काम एक-दोन किक मारून उरके. ही बुटकी गाडी मात्र आख्खी आत मावली, आणि चालत्या इंजिनावर शटर पहिल्यांदाच इतका वेळ जमिनीला टेकून राहिलं.

शिवाय मागचा सायलेन्सर अजून लावलेला नव्हता. आधी नुसत्या हेडरचा आवाज ऐकायचा, ही मामाची पद्धत.

आवाज बसेना. सहातली एक नळी खोटं बोलत होती, असं मामाचं म्हणणं. कोणती, ते कळत नव्हतं. मग तो शटर पाडून गाडी चालू ठेवायचा, आत सीटवर बसायचा आणि ऐकत राहायचा. सकाळी थोडं, दुपारी जास्त. थंडी वाजते म्हणून बाजूचं छोटं दारही लावून घ्यायचा. बाहेर सतत पाऊस, त्यामुळं कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

आधी डोकं दुखायला लागलं. मग ओकाऱ्या. मग तो पान्हा हातात धरून पान्हा शोधायला लागला. आणि त्या जेवणाच्या वेळी त्यानं आम्हाला सांगितलं, की इंजिन चालू असलं की थोरला आतून बोलतो. काय बोलतो, असं आईनं विचारलं. दम धर म्हणतो, मामा म्हणाला. आणखी काय म्हणतो? तेवढंच. वड कधी म्हणतोय त्याची वाट बघत मी बसतो.

“आन् म्हणालाच न्हाय तर?” मामीनं विचारलं.

“म्हणंल की. आजवर कधी म्हणाला न्हाय असं झालंय का?”

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. तो समाधानी दिसत होता.

मी ज्या घरात वाढले तिथं भूत हा शब्द अवतरण चिन्हांशिवाय छापला जात नसे. बाबांचं पायानं चालवायचं छोटं छपाईयंत्र होतं. मोर्च्यांची, संपांची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं त्यावर निघत. मी अक्षरं शिकले तीच उलटी, खिळ्यांवरून. त्यामुळं मामाला मेलेला माणूस बोलावतो हे मला पटणं शक्य नव्हतं. पण मामाला तो ऐकू येतो हे तर खरं होतं. त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी रोज उभी राहायची, आणि तिथं फार थंड वाटायचं.

गल्लीला असली अडचण नव्हती. चहाच्या गाड्यावर ठरलं, की गाडीचा आधीचा मालक त्याच सीटवर मेला. कुठं मेला, कसा, कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. एकानं एवढीच शंका काढली, की परदेशी गाडीतलं भूत मराठी कसं बोलतंय ओ?

“आपली पोरं हितं जन्मून इंग्लिश बोलत्यात,” चहावाला म्हणाला, “त्ये शिकलं आसंल की मराठी.”

हसले सगळे. पण त्या दिवसापासून चहाचा गाडा शेडपासून चार हात पलीकडं सरकला.

मामीला हसू येत नव्हतं. तिनंही ऐकलं होतं, शब्द नव्हे, घुमणं. शेडमध्ये गाडी चालू झाली की मागच्या स्वयंपाकघरात दुधावरची साय थरथरायची. चुलीपाशी बसलं की तिचंही डोकं भणभणायचं, हातातलं लाटणं जड व्हायचं. शाहूवाडीकडून एक देवऋषी आला. त्यानं शेड फिरून बघितली, घर बघितलं आणि जाळीकडं बोट केलं. जे आहे ते हितनं घरात शिरायला बघतंय, असं तो म्हणाला. मामीनं त्याच दिवशी जाळीत पोती कोंबली आणि वरून शेणमातीनं लिंपून टाकलं.

आणि मामीचं डोकं दुखायचं थांबलं.

याहून मोठा पुरावा कुणाला हवा? मामीनं तो आम्हाला दहा वेळा सांगितला.  बाबांनी पत्रक लिहिलं, ‘भुतास आमचे काही प्रश्न’. मी त्याचे खिळे जुळवले, ते छापलं आणि शाई ओली असतानाच मामाला वाचून दाखवायला गेले. मामानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “चांगलं लिवलंय. पर त्येला वाचता येत न्हवतं गं.”

थोरला मामा अंगठाबहाद्दर होता, हे खरंच होतं.

एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी पाहिली आणि प्रत्येकानं आपापल्या सोयीनं वाचली. सोमवारी शेडला सुट्टी. सोमवारी मामा बरा असायचा. जेवायचा, चिडवायचा, माझ्या केसांना सुगरणीचं घरटं म्हणायचा. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा डोळे काचेचे. मामी म्हणाली, सोमवार महादेवाचा, त्या दिवशी त्याला जोर येत नाही. बाबा म्हणाले, कामाचा ताण आणि भावाचं दुःख. मलाही तेच वाटायचं. मामा तेवढा वाळत होता, आणि जाळी बुजवल्यापासून जास्तच.

त्या दुपारी आईनं डबा देऊन मला पाठवलं. मामी दूध घालायला डेअरीवर गेली होती. शटर खाली होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि त्याखाली तो दुसरा आवाज, एकसारखा, घोगरा, झोपलेल्या मोठ्या जनावराच्या श्वासासारखा. मी शटरला हात लावला तर ते हाताखाली थरथरत होतं. बाजूचं दार ढकललं आणि आत गेले. सवयीनं ते मागं लावलं.

आत एकच पिवळा बल्ब होता आणि त्याच्याभोवती धुकं. गाडीचं बॉनेट उघडं. त्या सहा नळ्या मुळाशी अंधुक लाल झाल्या होत्या. मामा सीटवर बसला होता, हात मांडीवर, मान किंचित कलती, कीर्तनाला बसावं तसा. मी हाक मारली. त्यानं बघितलं नाही, फक्त शेजारच्या सीटवर थोपटलं.

“बस. ऐक.”

मी बसले. का बसले ते सांगता येत नाही. इतकी खाली बसायची ती सीट, की बसल्यावर शेड उंच झाल्यासारखी वाटली, विहिरीच्या तळातून वर बघावं तशी. पाय लांब गेले. थोड्या वेळानं ते माझे राहिले नाहीत. कपाळाच्या मागं कुणीतरी हळूहळू मूठ वळत होतं. डबा माझ्या मांडीवर होता, तो पायाशी पडला, आणि पडल्याचा आवाज फार उशिरा आला. उठावं असं वाटत होतं, पण ते वाटणं दुसऱ्या कुणाचं असावं तसं लांब होतं. मामा हसत होता.

मग मी ऐकलं.

इंजिनाच्या ठोक्यातूनच ते वर आलं. खालचा, छातीतला आवाज. शब्द स्वच्छ होते. “दम धर.”

माझ्या सगळ्या जन्मात छापलेल्या पत्रकांपैकी एकही त्या क्षणी माझ्या कामाला आलं नाही. तो थोरला मामा होता. मी त्याला ओळखलं, जशी तुम्ही तुमच्या माणसाला पायरीवरच्या पावलावरून ओळखता. “दम धर,” तो पुन्हा म्हणाला.

आणि माझं तोंड मिटलं.

मला पोहायला थोरल्या मामानं शिकवलं होतं. पंचगंगेच्या घाटावर, पाठीला डबा बांधून. पाण्यात बुडवायच्या आधी तो माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, दम धर. म्हणजे तोंड मीट, श्वास कोंड, आता खाली जायचंय. धाकट्या भावासाठी त्या शब्दांचा अर्थ होता थांब, हलू नको. मला तो अर्थ माहीत होता, पण माझ्या अंगाला दुसराच माहीत होता. माणूस एक, शब्द तेच, आणि माझ्या छातीनं डोक्याला न विचारता हवा आत घेणं बंद केलं.

श्वास कोंडला की पाण्याखाली हातपाय मारायचे असतात. मी हात मारला. चावीपर्यंत तो पोचायला युगं लागली. चावी फिरली. इंजिन थांबलं, आणि शांतता इतकी एकदम आली, की कुणीतरी बोलता बोलता तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटलं. मी दार उघडून खाली पडले, गुडघ्यावर सरकत बाजूच्या दाराशी गेले, ते ढकललं आणि पावसात तोंड उघडलं.

चहावाला आणि आणखी दोघे धावत आले. त्यांनी शटर वर उचललं. आतलं निळसर धुकं हलत बाहेर आलं आणि गल्लीतल्या कुणीतरी आई अंबाबाईचं नाव घेतलं. मामाला ओढून बाहेर काढताना तो त्यांच्याशी झगडत होता. अंगात जोर नव्हता, तरी स्टिअरिंग सोडत नव्हता.

“सोडा,” तो म्हणत होता, “अजून वड म्हणाला न्हाय. अजून म्हणाला न्हाय त्यो.”

दवाखान्यात त्याच्या नाकातोंडावर प्राणवायू लावला, मलाही लावला. तिथल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, हे सगळं घरात होतं की शेडमध्येच? आम्ही शेड म्हटलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी समजावून सांगितलं. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून हवेची जागा बळकावतो. मेंदूला हवा कमी पडली की माणसाला दिसू लागतं, ऐकू येऊ लागतं, आणि उठून जायची बुद्धी तेवढी होत नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर आम्ही दोघंही त्या सीटांवरच राहिलो असतो, असं ते म्हणाले. तोच वायू जाळीतून मामीच्या चुलीपर्यंत जात होता. जाळी बुजवल्यावर तिचं डोकं दुखायचं थांबलं, कारण सगळा वायू मामाच्या वाट्याला आला.

मामी ते ऐकून उठली. घरी गेली, स्टुलावर चढली आणि नखांनी ते लिंपण खरवडून काढलं. पोती ओढताना तिच्या बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही.

गाडी पुढं पुण्याला नेली. गगनबावड्याच्या घाटात तिचा आवाज घुमला की नाही, मला माहीत नाही. मामा वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. शब्द हरवतात. पान्ह्याचे नंबर आठवत नाहीत. आवाज लावायचं काम त्यानं सोडलं, कारण कोणती नळी खोटं बोलते ते आता त्याला ओळखू येत नाही. हा आमच्या घरानं भरलेला दंड आहे आणि तो कुठल्याही भुतानं वसूल केलेला नाही. एका पाडलेल्या शटरनं केला आणि एका बुजवलेल्या जाळीनं.

डॉक्टरांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मामानं पाइप वाकवताना ते शब्द स्वतः पुन्हा पुन्हा उच्चारले होते. मी ते लहानपणापासून ऐकले होते. गुदमरलेल्या दोन मेंदूंनी घरातलाच आवाज शोधला, यात नवल काही नाही. मी हे कुणालाही पटवून देऊ शकते आणि देतेही.

पण एका सोमवारी, परड्यात शेंगा फोडत बसलो असताना, मामानं मला हळूच विचारलं, तू काय ऐकलंस? मी सांगितलं. दोन्ही अर्थ सांगितले, घाटावरचाही. त्यानं हातातली शेंग न फोडता खाली ठेवली.

“म्हंजे मला बस म्हणाला,” तो म्हणाला, “आन् तुला ऊठ म्हणाला. भाऊ माझा आन् बाजू तुजी घेतली व्हय.”

मी म्हटलं, तसं नसतं मामा, तो वायू होता. तो व्हय व्हय म्हणाला आणि टरफलं गोळा करायला लागला. माझ्या डोक्यावर तेव्हा कुणाचाही हात नव्हता. तरी मला ते वजन जाणवलं, आणि मी मागं वळून बघितलं नाही.

आता तुमच्याकडं वळते. तुमच्याकडं परदेशी गाडी नसेल, शेडही नसेल. पण न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि थंडीचा वारा येतो म्हणून तिथल्या झरोक्यात कुणीतरी चिंध्या नाहीतर प्लॅस्टिक कोंबलेलं असेल. घरापुढच्या बंद जागेत सकाळी कुणीतरी गाडी तापवत ठेवत असेल. नारळ फोडा, लिंबू ठेवा. त्यावरून मला तुमच्याशी भांडायचंच आहे, पण ते नंतर भांडू. आधी हे खाली ठेवून उठा. तो झरोका बघा, कोंबलेलं जे असेल ते ओढून काढा, आणि शेजारच्या घरी जाऊन त्यांचाही झरोका उघडायला लावा.